बाळाच्या वतीने

दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने. नालासोपारा पूर्वेच्या चाळीत असो की आगाशीच्या वाडीत, घरात तान्हं बाळ असलं की हे तीन टप्पे आईच्या तोंडपाठ असतात. आशाताई आठवण करून जातात, सिस्टर कार्डावर नोंद करतात आणि बाकीच्या लसींबरोबर बाळाच्या तोंडात रोटाव्हायरसची लसही जाते. जुलाबाने पोर हातचं जाऊ नये म्हणून दिली जाणारी ही लस महाराष्ट्राच्या सरकारी लसीकरणात २०१९ मध्ये आली. ती बिनधास्त द्या, असं आज आपण एकमेकांना सांगतो. हे आपण सांगू शकतो, कारण कुणीतरी आपलं बाळ आधी पुढे केलं होतं.

रोटाव्हॅक या पहिल्या भारतीय रोटाव्हायरस लसीची मोठी चाचणी २०११ मध्ये दिल्ली, वेल्लोर आणि पुणे जिल्ह्याचा ग्रामीण भाग अशा तीन ठिकाणी सुरू झाली. पुण्याकडची जबाबदारी तिथल्याच केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राकडे होती. सहा-सात आठवड्यांची ६,७९९ बाळं या चाचणीत घेतली गेली. त्यांतल्या ४,५३२ बाळांना लस मिळाली आणि २,२६७ बाळांना लसीसारखंच दिसणारं, पण लस नसलेलं द्रावण. २०१४ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. पहिल्या वर्षात रोटाव्हायरसच्या गंभीर जुलाबांचं प्रमाण लसीमुळे सुमारे ५६ टक्क्यांनी घटलं होतं. २०१६ पासून ही लस सरकारी कार्यक्रमात येऊ लागली.

‘तान्ह्यांवर कसली चाचणी करता? मोठ्यांवर करून बघा ना,’ हा कुठल्याही आजीचा पहिला प्रश्न असतो आणि तो रास्त आहे. अशी लस आधी मोठ्यांना, मग थोड्या मोठ्या मुलांना देऊनच पुढे नेली जाते. पण रोटाव्हायरस सर्वाधिक गाठतो तो पहिल्या दोन वर्षांतल्या मुलांना. त्या वयाचं आतडं वेगळं, प्रतिकारशक्ती वेगळी, आईकडून आलेलं संरक्षणही अजून अंगात. तिथे मोठ्यांवरचा निष्कर्ष पुरत नाही. अमेरिकेत १९९८ मध्ये रोटाशिल्ड नावाची लस बाजारात आली आणि पुढच्याच वर्षी मागे घ्यावी लागली. आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरून अडकण्याचा दुर्मिळ, पण जिवावर बेतणारा धोका तिच्यामुळे वाढत असल्याचं दिसलं होतं. त्यानंतर आलेल्या दोन लसींच्या मुख्य चाचण्यांत म्हणूनच प्रत्येकी साठ हजारांहून अधिक बाळं घेण्यात आली. चाचणी केलीच नाही, तर पुढे लस घेणारं प्रत्येक बाळ प्रयोगातलंच ठरतं, फक्त त्याची नोंद ठेवणारं कुणी नसतं. त्यामुळे तान्ह्यांना चाचणीत घेणंच मुळात पाप आहे, असं मी मानत नाही.

बाळाच्या अंगावरून इतरांचं रक्षण करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. वसईचा तह झाला ते १८०२ साल. त्याच वर्षी, तहाच्या सहा महिने आधी, १४ जूनला मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचण्यात आली. भारतात यशस्वी झालेली ती पहिली लस. तिच्या दंडावरच्या फोडातला द्रव काढून आणखी मुलांना टोचला गेला आणि हातोहात लस देशभर पसरली. अ‍ॅना एका नोकराची मुलगी होती. साहेबाघरचं मूल पहिलं नव्हतं, याची नोंद आपण घ्यायला हवी. कारण कोणाचं बाळ आधी, हा प्रश्न तेव्हापासून आजपर्यंत सुटलेला नाही.

रोटाव्हॅकच्या चाचणीत हाच प्रश्न त्या २,२६७ बाळांच्या रूपाने उभा राहिला. चाचणी सुरू झाली तेव्हा रोटाव्हायरसच्या परदेशी लसी आपल्याकडे खासगी दवाखान्यात पैसे मोजून मिळत होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच सर्व देशांना या लसीची शिफारस केली होती. मग लस नसलेलं द्रावण का दिलं? समर्थकांचं उत्तर असं, की त्या लसी सरकारी कार्यक्रमात नव्हत्या, त्या घरांना त्या परवडणाऱ्या नव्हत्या, म्हणजे बाळांचं काही हिरावलं गेलं नाही. उलट चाचणीतल्या प्रत्येक बाळाला जुलाब होताच तातडीचे उपचार मिळाले. मला हे अर्धंच पटतं. उपचार मिळाले, हे मोलाचंच. पण ‘एरवीही त्यांना मिळालं नसतं’ हे कारण मान्य केलं, तर गरिबी हाच परवाना ठरतो. चाचणी संपली तेव्हा ही बाळं दोन वर्षांची झाली होती आणि लस घेण्याचं वय निघून गेलं होतं. स्वस्त देशी लस मिळाली ती या बाळांनी घेतलेल्या जोखमीवर. तिच्या श्रेयाच्या यादीत त्यांच्या घरांचं नाव पहिलं असायला हवं.

आता संमतीकडे येऊ. समजा, अशी चाचणी उद्या आपल्याकडे आली. नालासोपाऱ्यातल्या दहा बाय बाराच्या खोलीत कार्यकर्ती फॉर्म घेऊन बसली आहे. नवरा वालीवच्या कंपनीत बारा तासांच्या पाळीवर. मांडीवर दीड महिन्यांचं बाळ घेऊन आई विचारते, ‘ताई, आमच्या बाळाला खरं औषध मिळणार ना?’ प्रामाणिक उत्तर असं, ‘ते मला माहीत नाही. डॉक्टरांनाही माहीत नसणार. चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं.’ हे वाक्य स्पष्ट बोललं गेलं आणि आईला ते कळलं, तरच पुढच्या सहीला अर्थ. नाहीतर ती सही चाचणीसाठी नसते. बाळाला चोवीस तास डॉक्टर मिळेल, दवाखान्यात न्यायला गाडी येईल, त्यासाठी असते. ज्या घरात एरवी तापाच्या बाळाला घेऊन रांगेत उभं राहावं लागतं, तिथे ही सोय नाकारणं सोपं नसतं.

विश्वासाचंही तसंच. केईएमचं पुणे जिल्ह्यातल्या वढू गावातलं काम डॉ. बानू कोयाजींनी सत्तरच्या दशकात उभं केलं. वर्षानुवर्षं बाळंतपणं आणि आजारपणं निभावणाऱ्या माणसांना कोण नाही म्हणेल? म्हणून जितका विश्वास जास्त, तितकी विचारणाऱ्याने जास्त काळजी घ्यायची. नाही म्हणणाऱ्या आईला उद्याही तोच दवाखाना, तीच वागणूक मिळेल, हे तिला आधी सांगायचं आणि नंतर पाळायचं.

वसईत जमिनीचे व्यवहार ज्याने पाहिले आहेत, त्याला सातबाऱ्यावरचं ‘अ. पा. क.’ माहीत असतं. मूल अज्ञान, म्हणून पालनकर्ती आई. पण हिंदूंसाठीच्या १९५६ च्या पालकत्वाच्या कायद्यानुसार आईलाही ती जमीन कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, विकली तर सज्ञान झालेलं मूल त्या व्यवहाराला आव्हान देऊ शकतं. गुंठाभर जमिनीसाठी आपण इतकं जपतो. बाळाच्या देहावरची सही त्याहून हलकी कशी असेल? तीही विश्वस्ताचीच सही आहे. इथे कोर्टाच्या जागी असते नीतिसमिती. २०१९ च्या नियमांनुसार तीत किमान सात सदस्य हवेत, निम्मे तरी संस्थेबाहेरचे, शिवाय एक सामान्य माणूस आणि एक स्त्री. पारोळ-भाताण्याकडच्या पाड्यावरची आई किंवा चाळीतली आशाताई त्या खुर्चीवर बसली, तर कागदावरचे किती प्रश्न वेगळे निघतील!

दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातली कुटुंबं उचल घेऊन आपल्या वसई पट्ट्यातल्या वीटभट्ट्यांवर येतात. चाचणी तिथे पोहोचली, तर तिथल्या आईचा होकार मालकाच्या तोंडून घेतला जाण्याची भीती खरी आहे. तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममध्ये २००९-१० मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या एचपीव्ही लसीच्या अभ्यासात वसतिगृहातल्या मुलींच्या फॉर्मवर वॉर्डननी सह्या केल्या होत्या आणि संसदीय समितीने २०१३ मध्ये त्यावर कठोर ताशेरे ओढले. जिला नाही म्हणता येत नाही, तिच्या बाळाला चाचणीत घेऊ नये. या नियमाला अपवाद नको.

विश्वस्ताने शेवटी हिशेब द्यायचा असतो. रोटाव्हॅक चाचणीच्या वेल्लोर केंद्रात आतडं अडकण्याच्या किती घटना घडल्या, ते वेगळं जाहीर करा, ही मागणी डॉ. जेकब पुलियल यांच्यासारख्या बालरोगतज्ज्ञांनी लावून धरली. अशी मागणी करणं म्हणजे लसीला विरोध नव्हे. ज्यांनी बाळं दिली, त्यांचा तो हक्कच आहे. त्या चाचणीतली बाळं आता किशोरवयीन झाली आहेत. संशोधनात या वयाच्या मुलांची स्वतःची लेखी सहमती आपण आवश्यक मानतो. मग तू तान्हा असताना तुझ्या वतीने काय ठरवलं, तुला लस मिळाली की नुसतं द्रावण आणि त्यातून देशाला काय मिळालं, हे त्यांना समोर बसवून सांगायला हवं. प्रत्येक बाल-चाचणीच्या आराखड्यात या भेटीची तारीख आणि खर्च पहिल्या दिवशीच लिहिलेला असावा. तो लिहिलेला नसेल, तर नीतिसमितीने परवानगी देऊ नये.