फेरा की लहर?

१७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या किनाऱ्याजवळून गेले. त्यानंतर काही दिवसांनी मनोरीच्या वाळूत, फुटलेल्या होडीपाशी बसलेल्या एका वृद्ध कोळीबांधवाने मला विचारले, "फादर, देवपण लहरी असतो का?"

मला 'व्हिसिसिट्यूड' हा इंग्रजी शब्द आठवला. आयुष्यातील अनपेक्षित उलथापालथींसाठी तो योजतात. त्याचे मूळ लॅटिन 'विकिस', म्हणजे आपली साधी 'पाळी'. दिवसामागून रात्र यावी, तसा क्रमाने येणारा फेरा हा त्याचा जुना अर्थ. बेभरवशाची छटा मागाहून गडद झाली. मराठीतही असेच घडले आहे. 'लहर' म्हणजे मुळात लाट. तिच्यावरून आपण चंचल माणसाला 'लहरी' म्हणू लागलो. वास्तविक भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. मनोरीच्या कोळ्याला हे शिकवावे लागत नाही.

वादळाचे मात्र असे नाही. २६ जुलै २००५ च्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला जेमतेम ७४. शास्त्रज्ञ याची कारणे सांगतील, पण "माझ्याच घरी का?" याचे उत्तर त्यांत नसते. अशा वेळी आम्ही धर्मगुरू "देवाची इच्छा" म्हणून मोकळे होतो. मीही पुष्कळदा झालो आहे, आणि आता त्याची लाज वाटते.

संत थॉमस अक्वायनस यांची भूमिका अधिक प्रामाणिक आहे. ईश्वरी योजनेमुळे जगातील योगायोग नाहीसा होत नाही, असे ते मांडतात. म्हणजे वादळ हे नेम धरून सोडलेला बाण नव्हे. संत याकोबाच्या पत्रात (१:१७) देवाच्या ठायी पालट नाही असे सांगितले आहे, आणि जुन्या लॅटिन बायबलात तेथे हाच शब्द येतो. समुद्राची लहर देवाच्या नावावर घालण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला?

याच 'विकिस'पासून 'व्हिकर' झाला. गोव्यात पॅरिशच्या धर्मगुरूला 'विगार' म्हणतात तो हाच. दुसऱ्याच्या जागी उभा राहणारा, असा त्याचा अर्थ.

त्या वृद्धाला मी यातले काहीच सांगितले नाही. "नाही," एवढेच म्हणालो. मग त्याच्याशेजारी वाळूत बसलो. थोड्या वेळाने त्याचा शेजारी आला आणि म्हणाला, "उद्या माझ्या होडीवर चल. एक माणूस कमी आहे."