फ्री म्हणजे फुकट की मोकळं?

‘फ्री आहेस का?’ म्हणजे वेळ आहे का. ‘एकावर एक फ्री’ म्हणजे फुकट. ‘शुगर-फ्री’ म्हणजे साखर नसलेलं. ‘तिच्याशी मी एकदम फ्री आहे’ म्हणजे संकोच नाही. दिवसभरात आपण हा एकच शब्द किती कामांना जुंपतो!

मराठीत मात्र वेळ मोकळा असतो, मन मोकळं असतं, मैदानही मोकळं असतं. पण पैसे न देता मिळालेली वस्तू ‘मोकळी’ नसते, ती फुकट असते. शिवाय फुकटला थोडा वाईट वास आहे. मेहनत ‘फुकट जाते’, माणूस ‘फुकट्या’ ठरतो. मला ही फारकत फार शहाणपणाची वाटते.

इंग्रजीत ती नसल्यामुळे गोंधळ होतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये फ्री सॉफ्टवेअरची चळवळ सुरू केली, आणि तेव्हापासून त्यांना सांगत राहावं लागतंय की इथे प्रश्न किमतीचा नाही. प्रोग्राम वापरायची, उघडून बघायची, बदलायची आणि वाटायची मोकळीक महत्त्वाची. असं सॉफ्टवेअर विकत दिलं तरी चालतं.

याच्या उलट उदाहरण आपल्याकडचं. फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’मध्ये डेटाचे पैसे न देता निवडक साइट्स बघता येत. 8 फेब्रुवारी 2016 रोजी ट्रायने मजकूर पाहून डेटाचे वेगवेगळे दर लावायला मनाई केली आणि ती योजना इथे थांबली. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला थोडं मिळालं तर काय बिघडलं, हा तेव्हाचा युक्तिवाद मला अजूनही हलका वाटत नाही. उपाशी माणसाला मेन्यूकार्डाचं स्वातंत्र्य शिकवणं सोपं असतं. पण इथे प्रश्न एका जेवणाचा नव्हता. माणसाने काय बघायचं, हे दुसऱ्याने कायमचं ठरवण्याचा होता.

म्हणून फुकट ते सगळं वाईट, असं मी म्हणणार नाही. विकिपीडिया फुकटही आहे आणि मोकळाही. गावातलं मोफत वाचनालयही तसंच. मी एकच कसोटी लावतो: ही गोष्ट घेतल्यावर मला ‘नको’ म्हणणं सोपं राहिलं की अवघड झालं?

भाषाशास्त्रज्ञ सांगतात की ‘फ्री’, ‘फ्रेंड’ आणि आपला ‘प्रिय’ एकाच मुळातून आलेत. म्हणजे या शब्दात आधी माणसं होती, किंमत नंतर आली. पुढचं अ‍ॅप ‘फ्री’ म्हणून समोर येईल तेव्हा त्याला मराठीत विचारा: फुकट की मोकळं?