अर्धी भाकर कुणाची?

आजी बहात्तरच्या दुष्काळाचं सांगायला लागली की सुरुवात ठरलेली असते, "आपल्या जालना जिल्ह्यात तवा..." जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. १९७२ साली आमचा अंबड तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता. ही चूक घरात कुणी सुधारत नाही. पण तिच्या गोष्टीत पाणी आलं तेव्हा मी कान टवकारले.

माझ्या लहानपणी त्या गोष्टीत पाणी नव्हतंच. खडी फोडायची कामं, तिथं मिळणारी सुकडी, रेशनवरचा अमेरिकेचा लाल मिलो, एवढंच असायचं. मग २०१२-१३ आलं. जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, तोडाव्या लागल्या, गावोगाव टँकर फिरले. त्यानंतर आजी म्हणायला लागली, "बहात्तरला दाना नव्हता, पन पानी व्हतं." हे वाक्य मराठवाड्यात कुठल्याही पारावर ऐकायला मिळेल. ते खोटं आहे असं मला म्हणायचं नाही. पण पाणी असणं ही सांगण्यासारखी गोष्ट व्हायला आधी पाणी जावं लागलं. आठवणीचं असंच असतं. ती कपाटातून जशीच्या तशी निघत नाही, दरवेळी आजच्या हातांनी नव्यानं थापली जाते.

इथवर ठीक. अडचण भाकरीची आहे.

आजी सांगते, कामावर शेजारणीचं लेकरू रडत होतं, तेव्हा तिनं आपली अर्धी मिलोची भाकर त्याला दिली. मागच्या वर्षी ती शेजारीण भेटली. मी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. तिनं तीच गोष्ट सांगितली: तेच काम, तेच उन्हाचे दिवस. फक्त रडणारं लेकरू आमचं होतं, आणि भाकर तिची.

दोघींपैकी कुणीच खोटं बोलत नाही, याची मला खात्री आहे. मग ऋण कुणाचं कुणावर? पन्नास वर्षं आजी देणारी म्हणून जगली आहे. पुढं दारात आलेल्या कुणालाही तिनं उपाशी जाऊ दिलं नाही, ते त्या अर्ध्या भाकरीच्या जोरावर. ती काढून घ्यायचा हक्क मला आहे का? आणि नाही म्हणावं, तर त्या दुसऱ्या बाईची भाकर मी गिळली असं होत नाही का?

१९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या 'धडकल्या' तेव्हा वेग किती होता. काहींना, 'चक्काचूर होत आदळल्या' तेव्हा किती. आठवड्यानं विचारलं, फुटलेली काच दिसली का? काच फिल्ममध्ये नव्हतीच. पहिल्या ५० पैकी ७ जण 'हो' म्हणाले, दुसऱ्या ५० पैकी १६. म्हणजे नुसता प्रश्नही आठवणीत हात घालतो.

हे मला माहीत होतं, तरी दिवाळीत मी आजीला विचारलंच, "आजी, भाकर तू दिली होतीस की घेतली होतीस?"

"दिली की," ती लगेच म्हणाली.

रेकॉर्डिंग मी तिला ऐकवलेलं नाही. पण आता गोष्ट भाकरीपाशी आली की ती क्षणभर थांबते आणि माझ्याकडे बघते.