देवळाच्या दगडावरचा रंग

औंढा नागनाथाचे देऊळ बाहेरून पाहताना दोन काळ एकमेकांवर उभे दिसतात. खाली यादवकाळातला काळा पाषाण, त्यावर हत्तींची रांग, देवदेवता, कोनाकोनांनी मोडत जाणारी भिंत. वर नंतरच्या जीर्णोद्धारातले पांढरे शिखर. हिंगोली जिल्ह्यातच नव्हे, सगळ्या मराठवाड्यात हेमाडपंती देवळे अशी थराथरांनी आपल्यापर्यंत आली आहेत. त्यांतल्या कित्येकांवर अलीकडच्या पिढ्यांनी आणखी एक थर चढवला, तो ऑइल पेंटचा. आता तो उतरवण्याचे दिवस आले आहेत. पंढरपुरात २०२४ मध्ये विठ्ठल मंदिराच्या संवर्धनात नंतर बसवलेली फरशी काढून जुना दगड मोकळा केला गेला, आणि आपलेही देऊळ तसे दिसावे असे गावोगावच्या विश्वस्तांना वाटू लागले. पण श्रद्धेने चढवलेले खरवडून काढायचा अधिकार कोणाचा, आणि खाली जे सापडते तेच खरे कशावरून? रंग काढावा असेच माझे मत आहे. मात्र तो मूळ रूपाच्या शोधासाठी नव्हे, तर एकदा गेले की कोणालाच परत आणता येणार नाही असे जे त्याखाली आहे, ते वाचवण्यासाठी.

ते काय असते, हे कोरीव मूर्तीच्या गळ्याशी डोळा नेला की कळते. मोत्यांच्या माळेत दोन मण्यांमधली फट अगदी बारीक असते. रंगाच्या पहिल्या हातातच ती बुजू लागते, आणखी दोन-तीन हात झाले की माळेचा सरळ दोर होतो. ओठांची कड, बोटांची पेरे, पैंजण, सगळे असेच सपाट होत जाते. शिवाय ऑइल पेंट दगडाची छिद्रे बंद करतो. पायातून चढलेली ओल बाहेर पडू शकत नाही, तिच्यातले क्षार रंगाच्या आड साचतात आणि फुगून दगडाचा पापुद्राच सोडवतात. पण म्हणून यंत्राने वाळूचा मारा केला तर रंगाबरोबर छिन्नीचे घावही उडून जातात. कॉस्टिक सोडा वापरला तर तो छिद्रांत मुरतो आणि नवे क्षार तयार करतो. म्हणून आडबाजूच्या कोपऱ्यात आधी वीतभर जागेवर करून पाहायचे, सौम्य द्रावणात भिजवलेल्या कागदाच्या लगद्याचा लेप द्यायचा, रंग मऊ पडला की मऊ ब्रशने आणि लाकडी काडीने तो उचलायचा. रंग उद्या पुन्हा देता येईल, पण सातशे-आठशे वर्षांपूर्वीचा छिन्नीचा घाव पुन्हा घालता येणार नाही. निर्णयाची कसोटी हीच असावी.

यावर पहिला आक्षेप भक्तीच्या बाजूचा आहे आणि तो वजनदार आहे. कोणीतरी पोटाला चिमटा घेऊन रंगाचे डबे दिले असतील. ते खरवडणे म्हणजे त्याची सेवा पुसणे नाही का? आपल्या उपासनेनेच याचे उत्तर देऊन ठेवले आहे. वाहिलेले फूल दुसऱ्या दिवशी निर्माल्य म्हणून उचलले जाते, त्याने वाहणाऱ्याची पूजा रद्द होत नाही. अर्पण केले त्या क्षणी ते पोचलेले असते. जीर्णोद्धाराच्या विधीतही देवतेचे तत्त्व आधी कलशात घेतात, मगच मूर्तीला हात लावतात. म्हणजे दगडावर काम करणे हा अनादर नव्हे, हे शास्त्राला मान्यच आहे. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचे शेंदराचे थर २०२२ मध्ये काढले गेले. त्यासाठी कित्येक आठवडे दर्शन बंद राहिले, आणि नवरात्रात भाविकांनी देवीचे कोरीव रूप डोळे भरून पाहिले. तरीही शेंदूर आणि ऑइल पेंट एका मापाने मोजू नयेत. शेंदूर हा पूजेचा उपचार आहे आणि तो कधी उतरवायचा हे पुजारी आणि भक्त यांनीच ठरवावे. भिंतीवरचा पेंट ही डागडुजी आहे.

दुसरा आक्षेप इतिहासाचा. उघडा काळा दगड हीच मुळात आजची आवड आहे, देवळे पूर्वी रंगीत होती, असे म्हणतात. त्यात तथ्य आहे. वेरूळच्या कैलास लेण्यावर गिलाव्याचे आणि रंगाचे अवशेष अजून दिसतात, त्याला रंगमहाल म्हणत. म्हणूनच मूळ रूपाच्या मागे लागणे मला धोक्याचे वाटते. त्या हौसेपायी ऑइल पेंटखालचा जुना गिलावाही खरवडला जाईल. गिलावा दिसला की हात थांबलाच पाहिजे. विटांच्या शिखरावरचा चुना तर उतरवूच नये; चुना ओल बाहेर जाऊ देतो, तेच विटेचे कवच आहे.

तिसरा आक्षेप औंढ्याच्याच मातीतला आहे. जवळच्या नरसीचे नामदेव इथे आले तेव्हा विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडले होते, अशी कथा आहे. देव नाही तिथे माझे पाय ठेव, असे त्यांनी सांगितले आणि नामदेवांना तशी जागा सापडली नाही. मग रंग आणि दगड यांचा एवढा खल कशाला? मला वाटते, ही कथा देवळाबद्दल बेफिकीर व्हायला सांगत नाही. रंगवलेला देव खोटा आणि उघडा झालेला खरा, हा दावा ती मोडून काढते. तो दावा गेला की उरते ते कर्तव्य: अनाम पाथरवटाने घडवलेले पुढच्या माणसाच्या हाती धडपणे देणे. देव सर्वत्र असेल, तर त्या पाथरवटाच्या हातातही होताच.

त्यामुळे काम ठरवताना पुजारी, गावकरी आणि पुरातत्त्वाचा जाणकार एकत्र बसावेत, आधी प्रत्येक भिंतीचे फोटो घ्यावेत, कोणता रंग कोणाच्या काळात लागला ते म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवावे, आणि एका कडेची हातभर पट्टी मुद्दाम न खरवडता सोडावी. उद्या आपलाच निर्णय चुकीचा ठरला, तर तपासणाऱ्याला तिथे सगळे थर जागेवर सापडतील.