जिंकलेले पैसे कुणाचे?

दहावीच्या गणितात संभाव्यतेचा धडा आहे. आमच्या उर्दू माध्यमात त्याला एहतेमाल म्हणतात. नाणेफेक झाली, फासा झाला, की पत्त्यांचा कॅट येतोच: ५२ पाने, चार प्रकार, प्रत्येकाची १३ पाने, राजा-राणी-गुलाम मिळून १२ चित्रे. फळ्यावर हुकुम, पान, ईंट, चिडी काढून दाखवावी लागते. वर्गातल्या काही मुलांच्या घरी पत्ते आणायलाच बंदी असते. काहींना मात्र माझ्यापेक्षा जास्त माहीत असते. "कुरआन शिकणाऱ्या पोरांना शाळेत जुगाराची पाने कशाला दाखवता?" असे पालक विचारतात. प्रश्न रागाने विचारलेला असला तरी तो टाळण्यासारखा नाही.

माझे उत्तर असे की, पाने दाखवावीत आणि डाव कसा चालतो हेही सांगावे. आमचे नामपूर बागलाणात, मोसम नदीच्या काठी. या खानदेशी पट्ट्यात आखाजीला पत्त्यांचे फड बसतात, दिवाळीत बसतात, आणि आपल्याही मोहल्ल्यात ईदच्या दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी माडीवर बसतात. हे आपण आपल्यापासूनच लपवून काय साधणार? मोबाइल आल्यापासून तर माडीचीही गरज उरली नाही. ज्या मुलाला डाव माहीत नाही, त्याला तो शिकवणारा कुणीतरी भेटणारच आहे, आणि तो त्यामागचे गणित सांगत बसणार नाही.

तीन पत्तीच घ्या. प्रत्येकाने ठरलेली रक्कम मध्ये टाकायची आणि तीन-तीन पाने घ्यायची. पाने न बघता खेळणारा 'ब्लाइंड', बघून खेळणारा 'सीन'. बघणाऱ्याला दुप्पट लावावे लागते. ज्याला जमत नाही तो पाने टाकतो, शेवटी दोघे उरले की 'शो'. ५२ पानांतून तीन पाने २२,१०० प्रकारे येऊ शकतात. त्यांतल्या १६,४४० प्रकारांत, म्हणजे चारांतल्या जवळजवळ तीन वेळा, हातात काहीच नसते. ना जोडी, ना रंग, ना क्रम. आणखी एक गंमत. तीन एकसारखी पाने ५२ प्रकारे येतात, एकाच रंगाची क्रमाने लागलेली तीन पाने ४८ प्रकारे. म्हणजे दुसरी जास्त दुर्मीळ. तरी फडावर मान पहिल्या हाताला. मुलांना हे सांगितले की ती हसतात. आयुष्यभर फडावर बसणाऱ्यांपैकी किती जणांनी हे कधी मोजले असेल?

कॅसिनोत मात्र मोजणारा असतो. तो टेबलाच्या पलीकडे असतो. गोव्यात १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांना आणि १९९६ मध्ये जहाजांवरच्या टेबलांच्या खेळांना कायद्यात दुरुस्ती करून वाट मोकळी केली गेली. पणजीला मांडवीत रात्री दिव्यांनी लखलखणारी ती जहाजे सहलीला गेलेल्या पुष्कळांनी काठावरून पाहिली असतील. तिथे चालणारा 'अंदर-बाहर' आपल्या जत्रेतलाच. एक पान उघडे ठेवायचे, मग एक पान आत, एक बाहेर असे वाटत जायचे. उघड्या पानाचा जोडीदार ज्या बाजूला आधी पडेल ती बाजू जिंकली. वरवर पाहता अर्धे-अर्धे. पण ज्या बाजूला पहिले पान पडते ती शंभरात सुमारे साडेएकावन्न वेळा जिंकते, म्हणून कॅसिनो सर्वसाधारणपणे त्या बाजूच्या जिंकणाऱ्याला रुपयाला नव्वद पैसेच देतो. या बाजूला लावा, शंभराला दोन रुपयांच्या वर जातात. त्या बाजूला लावा, तीन जातात. ब्लॅकजॅकमध्ये युक्ती आणखी साधी आहे. २१ च्या जवळ जायचे, पण पुढे जायचे नाही. आणि आधी खेळायचे ते गिऱ्हाइकाने. तो २१ च्या पुढे गेला की त्याचे पैसे तिथेच उचलले जातात. मग घरवालाही पुढे गेला तरी ते परत येत नाहीत.

शंभराला तीन रुपये कुणाला जास्त वाटत नाहीत. पण हे तीन रुपये प्रत्येक डावाला आहेत. शंभर-शंभराचे साठ डाव म्हणजे सहा हजारांची उलाढाल आणि सरासरी १८० रुपयांची वजावट. कुणी त्या रात्री जिंकेल, कुणी जास्त हरेल. जहाज मात्र रोजच जिंकेल. त्यासाठी त्याला लबाडी करावी लागत नाही.

इथे गणिताच्या शिक्षकाचे काम संपते आणि खरी अडचण सुरू होते. या हिशेबाने एवढेच सिद्ध होते की कॅसिनोत खेळणे मूर्खपणाचे आहे. मूर्खपणा आणि गुनाह एक नव्हेत. उद्या कुणी म्हणाला, आपा, आम्ही चौघे मित्र माडीवर बसतो, कुणी घरवाला नाही, कुणाचे कमिशन नाही, चौघांना सारखीच संधी, मग? मग माझे गणित गप्प बसते. तिथे दुसरे काही बोलावे लागते.

कायद्याने याबाबत काय केले ते पाहण्यासारखे आहे. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यातच निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट होती. १९५७ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या बक्षीस-स्पर्धांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुगाराला व्यापाराचा दर्जा नाकारला. ऋग्वेद, महाभारत, मनू यांचे दाखले त्या निकालपत्रात आहेत. आणि १९६७ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की तीन पानांचा खेळ हा निव्वळ नशिबाचा, पण रमी प्रामुख्याने कौशल्याची. कारण पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, कोणते धरावे कोणते टाकावे याला अक्कल लागते. रमीचे मोबाइलवरील सगळे साम्राज्य पुढे याच भेदावर उभे राहिले. सिनेमातले चेहरे जाहिरातीत येऊन 'या, खेळा' म्हणू लागले आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेले असे की हा कौशल्याचा खेळ आहे.

न्यायालयासमोरचा प्रश्न कायद्याच्या कलमाचा होता, त्यांनी त्याचे उत्तर दिले. पण नीतीच्या बाजूने मला हा भेद नेमका उलटा वाटत आला आहे. नशिबाच्या डावात समोरचा आणि मी निदान सारखेच आंधळे असतो. कौशल्याच्या डावात मी डोळस असतो आणि तो नसतो. माझे कौशल्य म्हणजे मला माहीत आहे आणि त्याला नाही, मला पाने आठवतात आणि त्याला आठवत नाहीत. तो थकलेला आहे, नवा आहे, मुलीच्या फीसाठी आलेला आहे, आणि त्याच्या या कमीपणाचे मी पैसे घेते. आम्हा शिक्षकांना हे चटकन कळावे. ज्याला येत नाही त्याला शिकवण्याचा आम्ही पगार घेतो. ज्याला येत नाही त्याला तसेच ठेवून त्याच्याकडून पैसे घेणे हा त्याच्या अगदी उलट धंदा झाला. शकुनी आपल्याला आवडत नाही तो फासे खोटे होते म्हणून की युधिष्ठिराला खेळता येत नाही हे त्याला ठाऊक होते म्हणून? मला दुसरे कारण अधिक जड वाटते.

कॅसिनोवाल्यांनाही कौशल्याचे खरे प्रेम नसते, हे जाता जाता सांगायला हवे. एडवर्ड थॉर्प या अमेरिकन गणितज्ञाने १९६२ मध्ये ब्लॅकजॅकमध्ये पडलेली पाने मनात मोजून घरवाल्यावर मात कशी करता येते, याचे पुस्तकच लिहिले. त्यानंतर कॅसिनोंनी एकाऐवजी अनेक कॅट मिसळायला सुरुवात केली आणि मोजणाऱ्याला दरवाजा दाखवू लागले. अक्कल गिऱ्हाइकाकडे असली की ती चालत नाही.

यावर आमच्या गावात हमखास येणारा आक्षेप असा: आपा, मग शेती काय आहे? तोही जुगारच! नामपूरच्या बाजारात कांद्याचा ट्रॅक्टर घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसासमोर या बोलण्याला हसता येत नाही. उन्हाळ कांदा चाळीत भरायचा, भाव येईल म्हणून थांबायचे, तोवर तो सडतो, कोंब येतात, वजन घटते. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क आले, ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली, ती मे २०२४ मध्ये उठली. कोणत्या पत्त्याच्या डावात इतक्या वेळा नियम बदलतात?

तरीही शेती जुगार नाही, असे मी म्हणते. आणि केवळ शेतकऱ्याचे मन राखायला म्हणत नाही. पाऊस, रोग, भाव यांचा धोका शेतकऱ्याने निर्माण केलेला नाही. तो आधीपासून आहे. शेतकरी तो अंगावर घेतो, कारण कुणीतरी घेतल्याशिवाय कांदा पिकत नाही. जुगारी मात्र नसलेला धोका तयार करतो. चौघे माडीवर बसले नसते, तर चौघांचे पैसे चौघांच्या खिशात सुरक्षित होते. दुसरे, कांद्याला भाव न मिळाला तरी कांदा कुणाच्या तरी भाकरीबरोबर खाल्ला जातो. रात्रभर पिसलेल्या पत्त्यांतून सकाळी काय उगवते? आणि तिसरे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. शेजाऱ्याचे शेत बुडावे अशी दुआ शेतकऱ्याला करावी लागत नाही. केलीच तर तो त्याचा वैयक्तिक कोतेपणा. पण पैशाच्या डावाला बसलेल्या माणसाला समोरच्याचे नुकसान इच्छिल्याशिवाय स्वतःचे भले इच्छिताच येत नाही. समोर सख्खा भाऊ असला तरी. माडीवरच्या त्या चार मित्रांना माझे उत्तर हेच.

आता फायद्याचा मुद्दा. कॅसिनोमुळे सरकारला कर मिळतो, हजारोंना रोजगार मिळतो, असे सांगतात. ते खोटे नाही. महाराष्ट्रातही १९७६ मध्ये कॅसिनोंसाठी कायदा झाला होता, तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. पण फायद्याचा हा युक्तिवाद आपल्याला नवा नाही. कुरआनात ज्याला 'मैसिर' म्हटले आहे तो अरबांचा बाणांचा खेळ होता. तफसीरकार सांगतात, दहा बाण असत, सात वाट्याचे, तीन कोरे. उंट कापून वाटे घातले जात, कोरा बाण आलेल्यांनी किंमत भरायची आणि जिंकणारे ते मांस गरिबांना वाटून टाकत. त्यात भाग न घेणाऱ्याला कंजूष म्हणून हिणवत. म्हणजे दुष्काळात गरिबांचे पोट भरणारा जुगार! सूरह बकराच्या २१९ व्या आयतीत दारू आणि जुगारात लोकांसाठी काही फायदे आहेत हे मान्य केलेले आहे, आणि त्यांचा गुनाह फायद्याहून मोठा आहे असे पुढे सांगितले आहे. आपले वाएज करणारे पुष्कळदा पहिला भाग घाईने ओलांडतात. मला तोच विचार करायला लावतो. मैसिर हा शब्द 'युस्र'वरून, सहजपणावरून आला असे भाषापंडित म्हणतात. सहज मिळालेल्यातून सहज दान. देणाऱ्याचे काही गेले नाही. ज्याचे गेले त्याने ते दिलेले नव्हते.

आणि फायदा इतका निर्मळ असेल, तर गोवा सरकारने १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्याच लोकांना खेळण्यासाठी कॅसिनोत प्रवेश का बंद केला? सिंगापूरने २०१० मध्ये कॅसिनो उघडले तेव्हा परदेशी पाहुण्याला प्रवेश मोफत आणि स्वतःच्या नागरिकाला शंभर डॉलर. आपल्या लेकराच्या ताटात जे वाढवत नाही, ते पाहुण्याच्या ताटात वाढायचे. गोव्याचा हा नियम काढावा असे मी म्हणत नाही. उलट तो केल्याने निदान एक गोष्ट कबूल झाली.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. कौशल्य असो, नशीब असो वा दोन्ही, पैसा लावला की बंदी. १९६७ च्या भेदाला निदान या कायद्यात जागा उरली नाही. शिक्षा खेळणाऱ्याला नाही. खेळ मांडणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे. बुखारी-मुस्लिममध्ये एक हदीस आहे, तिची आठवण झाली: 'ये, जुगार खेळू' असे जो मित्राला नुसते म्हणाला, त्यानेही सदका द्यावा. खेळला की नाही, हा प्रश्नच नाही. बोलावले, एवढे पुरे.

पैसे न लावता पत्ते खेळण्याबद्दल मी फार कडक नाही. शतरंजीबाबत फकीहांतही एकमत नव्हते. दुपारी घरात बदाम सात किंवा झब्बू रंगला तर कुणाच्या घरातले पीठ कमी होत नाही. नमाज आणि अभ्यास बुडू नये इतकेच.

कायदा झाल्यावर रमीचे अ‍ॅप बंद पडले, तेव्हा माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. पिकअपवर कांदा वाहतो. खात्यात उरलेले साडेसहा हजार त्याने काढून घेतले होते आणि ते त्याला नको होते. "आपा, लौटाना है, तो किसको लौटाऊँ?" फिक्हचे उत्तर मला माहीत होते: मालक माहीत असेल तर त्यालाच परत करावे, माहीत नसेल तर सवाबची नियत न ठेवता गरिबाला द्यावे. ते मी सांगितले. पण तो मालकच शोधत होता. मोबाइलमध्ये जुन्या डावांच्या टिपलेल्या काही पडद्यांची चित्रे होती, त्यात नुसती टोपणनावे आणि आकडे. एक नाव एकाच रात्रीत तीनदा होते. तिन्ही वेळा हरलेले, शेवटची वेळ दोन वाजून दहा मिनिटे. कुठला असेल, काय करत असेल, हे त्याने मला दोनदा विचारले.