साधन आणि साधने



आपल्या संप्रदायात 'साधन' हा शब्द बहुधा एकवचनी असतो. एखाद्या महाराजांनी "साधन काय चालू आहे?" असे विचारले, तर आपण हरिपाठ, जप, एकादशी, वारी असे सांगतो. तोच शब्द दुकानात गेला की अनेकवचनी होतो. चटई, बैठकीची उशी, पट्टे, ठोकळे, मोबाईलमधले ॲप. घरी योग आणि ध्यान करू पाहणाऱ्याने यातले काय घ्यावे, हा मला पूर्वी केवळ खरेदीचा प्रश्न वाटत असे.

बाहेरच्या तयारीला गीतेने नाके मुरडलेली नाहीत. सहाव्या अध्यायात भगवंत स्वच्छ जागा सांगतात, आसन फार उंच नको, फार सखल नको म्हणतात, दर्भ, मृगाजिन आणि वस्त्रही सांगतात. माउलींनी तर ती जागा अशी रंगवली आहे, की तिथे गेलेल्या विलासी माणसालाही तप करावेसे वाटावे. पण सामानाची यादी तेवढ्यावर संपते. पुढे सगळे बसणाऱ्याविषयी आहे. पतंजलींनीही आसनाला अवघी ३ सूत्रे दिली.

तेव्हा वस्तू वाईट नाही. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी पट्टे, ठोकळे, खुर्च्या वापरात आणल्या त्या न वाकणाऱ्या, दुखऱ्या शरीरालाही आसन जमावे म्हणून. ज्याचा गुडघा जमिनीला टेकत नाही, त्याने खाली उशी घ्यावी. त्यात कमीपणा कसला? माझा गुडघा ठीक होता, तरी मी ठोकळे आणले. ते बरेच दिवस दाराला अडसर म्हणून कामी आले.

पुस्तके आणि चित्रफिती यांचे थोडे वेगळे आहे. त्या दाखवतात, पण आपल्याला पाहत नाहीत. मी फोनवर पाहून शीर्षासन केले आणि तीन आठवडे मान धरून बसलो. समोर कोणी जाणता असता तर त्याने माझे वय आणि खांदे पाहूनच थांबवले असते. श्वास रोखण्याचे प्रकार तर नुसते पाहून करूच नयेत, विशेषतः रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातले कुंडलिनीचे वर्णन वाचून काहींना ते आपल्यावर करून पाहण्याची हौस येते. माउलींकडे तो मार्ग गहिनीनाथ आणि निवृत्तिनाथ अशा परंपरेने आला, हे विसरू नये. त्याच अध्यायात अर्जुन विचारतो, की हे कोणालाही जमेल, की त्याला योग्यता लागते? आणि मग गोष्ट बेताचे जेवण, बेताची झोप, बेताचे काम इथवर येते. घरी करणाऱ्याने सुरुवात इथून केली, तर पैसाही खर्च होत नाही.

माझी खरी चूक मात्र शीर्षासनाची नव्हे.

मी ध्यानाचे एक ॲप घेतले होते. आवाज शांत, सूचना चांगल्या, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते दिवस मोजायचे. एकही दिवस न चुकवता ४० दिवस झाले आणि मला त्या आकड्याचा अभिमान वाटू लागला. ४१व्या दिवशी सौभाग्यवतीला ताप होता. मी डोळे मिटून बसलेलो असताना आतल्या खोलीतून हाक आली, "अहो, जरा पाणी देता का?" मी डोळे न उघडता हाताने 'थांब' अशी खूण केली. ती खूण तिला दिसणार नव्हती, हेही मला ठाऊक होते. वीस मिनिटे पुरी झाली. फोनने माझे अभिनंदन केले. आत गेलो तेव्हा ती भिंतीला धरून स्वतःच स्वयंपाकघरात गेलेली होती.

पुंडलिकाची कथा मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. आईबापांची सेवा चालू असताना प्रत्यक्ष देव दाराशी आला, तर त्याने वीट भिरकावून देवालाच थांबायला सांगितले. आपल्या पंढरीची सगळी उभारणी त्या थांबण्यावर आहे. मी कोणाला थांबवले होते, आणि कोणासाठी?

अभ्यास खंड न पडू देता करावा, असे पतंजली सांगतात हे खरे. पण त्याच सूत्रात ते आदरानेही करावा म्हणतात. त्या सकाळी माझा खंड पडला नव्हता, आणि आदर कुठेच नव्हता. आता काही आणताना मी एवढेच पाहतो, की ही वस्तू मला बसवते आहे की मिरवते आहे, आणि ती घरात आल्याने घरातल्या कोणाला गप्प बसावे लागते आहे का.

ॲप काढून टाकले. पहाटे घडी घातलेली सतरंजी असते, भिंतीवरचे घड्याळ असते, शेवटी हरिपाठ. रविवारी एका जुन्या शिक्षकांकडे जातो. ते फारसे बोलत नाहीत, पाठीला बोट लावून सरळ करतात. बसण्याआधी मी सौभाग्यवतीला विचारतो, काही हवे का. बहुतेक वेळा ती म्हणते, "नको, बसा तुम्ही." परवा म्हणाली, दूध आणायचे आहे. ते आणले, तापवले, आणि बसायला सव्वासहा झाले.