सोनं माती की तेज?
नाशिकच्या तांबट आळीत घडणाऱ्या पातेल्याला कल्हई चढताना पाहावी. जाळ बुडाला असतो, पण काठही हां हां म्हणता तापतो. भांडं सांडशीनंच धरावं लागतं. नवसागराचा पांढरा धूर उठतो, कथील वितळतं आणि कापसाच्या बोळ्यामागून चकचकीत पसरत जातं. तिकडे सातपूर-अंबडच्या कारखान्यांत तेच तांबं विजेच्या पॅनेलांत बसतं. चुलीवर जे चालतं तेच विजेलाही का मानवावं?

१८५३ मध्ये विडेमान आणि फ्रान्झ या जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की एकाच तापमानाला निरनिराळ्या धातूंच्या उष्णतावाहकतेचं आणि वीजवाहकतेचं गुणोत्तर जवळपास सारखं असतं. तांब्यात जस्त मिसळून पितळ केलं की दोन्ही एकदमच घसरतात, साधारण पाव ते एक तृतीयांशावर येतात. कारण १९०० मध्ये पॉल द्रुडे यांनी मांडलं: धातूतले मोकळे इलेक्ट्रॉनच दोन्ही ओझी वाहतात.

नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे पंडित, याला अन्वय (एक असेल तिथे दुसरंही असणं) म्हणतील आणि लगेच व्यभिचार, म्हणजे नियम मोडणारं उदाहरण, शोधतील. तो सापडतोही. हिरा तांब्याच्या कितीतरी पट उष्णता वाहतो, वीज मात्र नाही. तिथे काम इलेक्ट्रॉनांचं नसून स्फटिकाच्या कंपनांचं असतं. म्हणून नियम धातूंपुरता.

याच परंपरेतल्या अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’त तेजाचे चार प्रकार आहेत: जमिनीवरचा अग्नी, आकाशातली वीज, पोटातला जठराग्नी आणि खाणीतलं सोनं वगैरे. सोनं तेज कसं? तूप तापवत राहिलं तर जळून जातं, सोनं कितीही तापवा, पातळच राहतं. म्हणून ते पृथ्वी नव्हे. पाण्याचं पातळपण उपजत, सोन्याचं आगीमुळे आलेलं. म्हणून ते पाणीही नव्हे. राहिलं तेज! मग पिवळा रंग आणि वजन कुठून आलं? आत मिसळलेल्या मातीतून.

अग्नी, वीज आणि धातू एकाच पंगतीत बसलेले पाहून काहींना पूर्वजांना इलेक्ट्रॉन ठाऊक होता असं वाटू लागतं. तसं काही नाही. सोनं तेजात गेलं ते वीज वाहतं म्हणून नव्हे, जळत नाही म्हणून. शिवाय सुमारे २,८०० अंश सेल्सिअसच्या पुढे तेही उकळून वाफ होतं. सोनाराच्या भट्टीला ते कधीच दिसलं नसतं. म्हणजे युक्तिवाद नेटका, पण त्याचा हेतूच, म्हणजे आधाराला घेतलेलं कारणच, असिद्ध. ‘तर्कसंग्रह’ आजही न्यायशास्त्राचं पहिलं पुस्तक म्हणून शिकवतात. शिकवताना सोन्याचा उत्कलनबिंदूही फळ्यावर लिहावा.